काट्याला नको, खुर्चीला विचारा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

चोपडा तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने लिहिलं आहे. वय ६०, उंची पाच फूट. चाळिशीपासून वजन ५४ किलोच्या आसपास, कधी फार हललं नाही. गावात त्यांना ‘बारीक बाई’ म्हणूनच ओळखतात. वर्षभरापूर्वी सहज केलेल्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, ६.३ निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘वजन थोडं कमी करा, चालायला जा.’ बाईंनी मनावर घेतलं. रात्रीचं जेवण बंद, केळी बंद, सकाळी पाऊण तास चालणं. सहा महिन्यांत वजन ५० वर आलं, साखर ६.१ झाली. पण आता उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीने पाहिलं की खापरावरचे मांडे करून झाल्यावर आईला जमिनीवरून उठायला कपाटाचा आधार लागतो. तिने पुण्याला परत गेल्यावर डंबेल पाठवून दिले. ते पाहून ८४ वर्षांच्या सासूबाई म्हणाल्या, ‘तुले आते काय पयलवान व्हनं शे का?’ यजमान ८२ किलोचे, पोट सुटलेलं, केळीच्या बागेत राबतात आणि त्यांची साखर नॉर्मल आहे. बाई विचारतात: ‘मी अजून बारीक होऊ, की या वयात वजनं उचलू? घरातलं सगळं काम मीच करते, तो व्यायाम नाही का? आणि जाड माणसाला सोडून साखर माझ्याच मागे का लागली?’ बीपीची एक गोळी सुरू आहे, साखरेची गोळी नाही.

उत्तर:

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. अजून बारीक होऊ नका. आज रात्रीपासून जेवायला बसा. आणि हो, वजनं जरूर उचला, पण सुरुवात डंबेलपासून करू नका. त्याआधी करायच्या गोष्टी घरातच आहेत, आणि त्याच्याही आधी त्या अंधारीचा छडा लावायचा आहे.

तुमच्या डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ‘वजन कमी करा, चाला’ हा सल्ला बहुतेक पेशंटना लागू पडतो, आणि बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली असली की तोच पटकन तोंडातून निघतो. त्याला आधारही भक्कम आहे. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००२ साली आले. आहार सांभाळून, व्यायाम करून सात टक्के वजन उतरवण्याचं ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या साखरेवरच्या गोळ्या घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. साठीपुढच्या मंडळींना तर सगळ्यांत जास्त फायदा झाला, ७१ टक्के. पण ती माणसं चांगलीच जाड होती. तुम्ही नाही. आपल्याकडे चेन्नईत असाच प्रयोग झाला, त्याचे निकाल २००६ मध्ये छापून आले. तिथे घट २८.५ टक्के, म्हणजे अमेरिकेच्या मानाने कमी. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: त्या लोकांची वजनं फारशी उतरलीच नव्हती. काटा जागच्या जागी, तरी मधुमेह लांबला.

तेव्हा तुमच्या पत्रातला पहिला समज, बारीक माणसाला साखर होत नाही हा, आपण बाजूला ठेवू. आपल्या देशात तर तो फारच महागात पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, तंतोतंत सारखा: २२.३. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वर पाहिलं तर दोघेही सडपातळ; आत दुपटीहून जास्त फरक. आपली भारतीय शरीरं बहुधा अशीच असतात. हातपाय काटकुळे, आणि चरबी पोटात, आतड्यांभोवती, यकृतात.

आता तुमचं ५४ किलो. चाळिशीतले ५४ आणि साठीतले ५४ एकच, असं तुम्ही धरून चाललात. काटा हाड, मांस, चरबी, पाणी सगळं एकत्र तोलतो आणि एकच आकडा देतो. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर वेग आणखी वाढतो, आणि ताकद तर स्नायूंपेक्षाही लवकर उतरते. बाईच्या बाबतीत पाळी गेली की चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे मुक्काम हलवते. वीस वर्षांत काही किलो मांस गेलं, तेवढीच चरबी आली, आणि काटा म्हणाला ‘काही बदल नाही’. साडीत तेही झाकून जातं.

मांस गेलं तर साखर का वाढावी? जेवणातली भाकरी, भात पचून रक्तात साखर उतरते, तेव्हा तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. तो ती ओढून घेतो, काही जाळतो, बाकीची साठवतो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत धान्याच्या कोठ्या असायच्या ना, तसं समजा. कोठी लहान केली आणि धान्य तेवढंच आलं तर पोती ओसरीत पडून राहणार. त्यात पोटातली चरबी यकृताकडे सतत चरबीयुक्त आम्लं सोडत राहते, साखरेला पेशींचं दार उघडून देणाऱ्या इन्सुलिनचं कुणी ऐकेनासं होतं, आणि यकृत स्वतःच रात्रभर साखर सोडत बसतं. म्हणून काही जणांची सकाळची उपाशीपोटीची साखर जेवणानंतरच्या साखरेपेक्षा जास्त चिडवते.

एक चांगली गोष्टही याच स्नायूत आहे. आकुंचन पावणारा स्नायू साखर आत घ्यायला इन्सुलिनची वाट पाहत नाही. त्याचं स्वतःचं वेगळं दार उघडतं. आणि व्यायाम थांबल्यावरही पुढचा एक-दोन दिवस तो स्नायू इन्सुलिनचं जास्त ऐकतो. हा परिणाम दोन दिवसांत ओसरतो, म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये असं सांगतात. रविवारी दोन तास घाम गाळून आठवडाभर सुट्टी, याचा इथे उपयोग नाही.

यजमानांचं कोडं आता सुटेल. ८२ किलोंत त्यांचे स्नायूही बरेच असणार. घड उचलणं, नळ्या ओढणं, वरंब्यावरून चालणं, खाली वाकून केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापणं, हे रोज होतंय. शिवाय चरबी नेमकी कुठे साठते हे माणसागणिक बदलतं. काहींच्या कातडीखाली ती बरीच मावते आणि यकृत वाचतं. पण ‘साखर नॉर्मल’ म्हणजे सुटलो असं त्यांनी समजू नये. त्यांची कंबर, बीपी, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, आणि यकृताची तपासणी व्हायला हवी, आणि बाग मजुरांवर सोपवून ओट्यावर बसायला लागले की दोन-तीन वर्षांत चित्र पालटतं. शेतीतून निवृत्त झालेले असे बापे मी धुळ्यात दर आठवड्याला पाहते. त्यांचं जेवण शेतावरच्या दिवसांचंच राहिलेलं असतं.

तुमच्यासाठी काट्यापेक्षा टेप उपयोगी आहे. शिंप्याचा टेप घ्या. परकराची नाडी बांधता तिथे मोजू नका, ती जागा खाली येते आणि आकडा लबाडी करतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, नेहमीसारखा श्वास सोडा, पोट आत ओढू नका, आणि वाचा. आपल्या लोकांसाठी बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाची ९० च्या आत असावी. आकडे लक्षात राहत नसतील तर उंचीच्या निम्म्याहून कमी, एवढं धरा. तुमच्या पाच फुटांना ७६. तुम्ही कंबर लिहिलेली नाही, पण ५० किलोंवरही ती ८० च्या पुढे निघाली तर मला नवल वाटणार नाही. जिममध्ये ज्या मशिनवर उभं राहिलं की ‘बॉडी फॅट’चा कागद निघतो, त्याच्या नादी लागू नका. पाणी किती प्यालात यावर सुद्धा त्याचा आकडा हलतो.

आता ते चार किलो. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं की उतरलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, स्नायूंसारख्या कामाच्या ऐवजाचा असतो. रात्रभर आणि सकाळी चालून येईपर्यंत पोटात काही नाही, डाळ-दूध बेताचं, आणि स्नायूला ताण द्यायचं एकही काम नाही. तुमच्या बाबतीत हा हिस्सा त्याहून मोठाही असेल. साखर ६.३ ची ६.१ झाली हे खरं, पण कपाट धरून उठायची वेळ आली हेही त्याच सौद्यात आलं. आणि असं उतरलेलं वजन पुढे परत चढलं तर या वयात ते बहुतेक चरबीच्या रूपाने चढतं. मग काटा पुन्हा ५४ दाखवेल आणि तुम्ही आधीपेक्षा कमजोर असाल.

घरकामाचं म्हणाल तर ते कष्ट आहेत यात वादच नाही. दिवसभर बसून राहण्यापेक्षा शंभर पटीने बरे. पण स्नायू वाढतो तो नेहमीपेक्षा जास्त भार पडला तर. तीच तीन किलोची कणीक, तीच भांडी, तोच झाडू वर्षानुवर्षं करत असाल तर शरीर तेवढ्यापुरतं तयार होऊन थांबतं. शिवाय आपलं घरकाम गेल्या तीस-चाळीस वर्षांत जमिनीवरून उठून ओट्यावर गेलं. चूल गेली, जातं गेलं, विहिरीवरचा रहाट गेला, मोरी उंच झाली. खाली बसून उठणं दिवसातून पन्नासदा व्हायचं ते आता सणावारालाच होतं. ते दिवस परत यावेत असं मी अजिबात म्हणत नाही. त्या बायांची कंबर मोडायची आणि रक्त सात-आठ ग्रॅमवर असायचं, हे गुणगान गाणारे विसरतात. कापूस वेचणाऱ्या बाईला मी व्यायाम सांगत नाही, तिला ताटात डाळ वाढून घ्यायला सांगते. तुमचं तसं नाही.

पहिलं काम, अंधारी. बीपीची गोळी ५४ किलोंच्या आणि दोन वेळ जेवणाऱ्या बाईला दिली होती. आता तुम्ही ५० किलोंच्या आणि एक वेळ जेवणाऱ्या आहात. डॉक्टरांना आडवं झोपून आणि मग उभं राहून, असं दोन्हीकडे बीपी मोजायला सांगा. डोस जास्त होत असण्याची शक्यता आहे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्याच खेपेला हिमोग्लोबिन, बी-१२, व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड तपासून घ्या. हिमोग्लोबिनचं आणखी एक कारण आहे: लोह कमी असेल तर एचबीएवनसी खरी असते त्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते. ६.१ आणि ६.३ मधल्या फरकावर एवढं काळीज टांगण्याआधी हे पाहून घेतलेलं बरं. ५.७ ते ६.४ हा सगळा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्याचा. तिथून मागे फिरता येतं.

मग खुर्ची. हातांची प्लॅस्टिकची नको, ती सरकते. लाकडी किंवा लोखंडी, पाठ भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेला बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे. यजमानांना मोबाइलमधलं घड्याळ लावायला सांगा. पूर्ण उभं राहायचं, गुडघे सरळ, पुन्हा बसायचं. असं पाच वेळा, झेपेल तेवढ्या लवकर. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पाय कमजोर झालेत असं आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेलं माप सांगतं. हात न टेकता एकदाही उठता आलं नाही तरी घाबरू नका. उशी ठेवून बैठक उंच करा आणि तिथून सुरुवात करा. हा आकडा वहीत लिहून ठेवा. वजनाच्या आकड्याऐवजी दर महिन्याला हा पाहायचा.

चाचणी म्हणून केलं तेच व्यायाम म्हणून करायचं, फक्त घाई न करता. उठताना सहज, बसताना मात्र सावकाश, मनात चार म्हणेपर्यंत. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. आठ ते बारा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा एकदा. हळूहळू तीन फेऱ्या. त्याच दिवशी भिंतीपासून हातभर लांब उभं राहून भिंतीवर दंड काढल्यासारखं पुढे-मागे. पुढे जमलं की ओट्याच्या कडेवर. मग ओढायचा एक व्यायाम हवा, कारण पाठ सगळे विसरतात: रबराचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून कोपर मागे न्यायचे. उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, आणि ओट्याला हात टेकवून टाचा उचलणं. शेवटी गोडेतेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन घ्या, प्रत्येकात दोन लिटर पाणी भरा, दोन हातांत दोन धरून ताठ मानेने ओसरीत चाला. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. पंधरा दिवसांनी पाव-अर्धा लिटर वाढवा. तुमचे डंबेल याच टप्प्यावर कामाला येतील, छातीशी धरून खुर्चीवरून उठण्यासाठी.

किती जड? शेवटचे दोन-तीन वेळा करताना ‘आता पुरे’ वाटायला हवं, इतकं. बारा वेळा करून गप्पा मारता येत असतील तर भार कमी आहे. श्वास कोंडायचा नाही. उचलताना सोडायचा, म्हणजे बीपी उसळत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ते ठीक आहे, दोन दिवसांत जातं. सांध्यात टोचलं, किंवा दुखणं आठवडाभर राहिलं, तर ते ठीक नाही. आठवड्यात दोन दिवस तरी, जमल्यास तीन, मध्ये एक दिवस सोडून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम चालणं-फिरणं आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे, आणि ६५ पुढे तोल सांभाळण्याचा सरावही. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. जळगावात मेहरूण तलावावर पहाटे जी गर्दी असते तिला विचारा, रोज चार किलोमीटर सांगतील. ‘आणि ताकदीचं काही?’ म्हटलं की हसतात.

जमिनीवरून उठण्याचा सराव वेगळा करा, कारण पडल्यावर तोच लागतो. सतरंजी घाला, शेजारी खुर्ची ठेवा. बसलेल्या अवस्थेतून आधी कुशीवर, मग हातांवर आणि गुडघ्यांवर, रांगणाऱ्या पोरासारखं. खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात. ज्या पायात जास्त जोर आहे त्याचं पाऊल पुढे टेकवा, त्या पायावर भार देऊन उठा. सुरुवातीचे दिवस घरात कुणीतरी असताना. गुडघा फारच दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

वयाचं तुम्ही लिहिलंत. बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या माणसांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला होता, १९९० मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्या हिशेबाने तुमच्या सासूबाईंचाही प्रवेश नक्की आहे. त्यांना खुर्चीवरून उठण्याच्या फेऱ्या मोजायला बसवा, चार दिवसांत त्या स्वतः करून बघतील. त्यांना लेकरांचं मोजणं चुकलेलं खपत नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे.

खाण्यात पैलवानी लागत नाही. माळकरी घर आहे म्हणता, तर अंड्याचा प्रश्न मिटला. मूत्रपिंडं ठीक असतील तर या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुम्हाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम. पातळ वरणाची वाटी याला पुरत नाही. तीत पाच-सहा ग्रॅम मिळाले तर नशीब. आपल्या खान्देशात या बाबतीत चांगली सोय आहे, आपणच ती सणापुरती ठेवली. ज्वारीत उडीद घालून दळलेली कळण्याची भाकरी रोजची करा. उडदाची घट्ट डाळ, मटकीची उसळ, चण्याचं पीठ लावून केलेल्या भाज्या, शेंगदाण्याची चटणी. पेलाभर दूध नि वाटीभर दही. रात्री खिचडी करत असाल तर तांदळाइतकीच डाळ घाला, आणि वरून ओतायचं कच्चं तेल चमच्याने मोजा, बुधलीने नको. शेवभाजी महिन्यातून एकदा. डाळीचंच पीठ असलं तरी ती शेव तेलात पोहलेली आहे. जेवताना आधी उसळ-भाजी, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडा.

आणि केळं. घरची बाग असून केळी बंद, हे वाचून मला खरं तर हसू आलं. कारण त्याच पत्रात दिवसातून चार चहा आहेत, दोन-दोन चमचे साखरेचे. साखर चहातली काढा आणि एक लहान केळं, फार पिकलेलं नाही असं, व्यायामाच्या आधी किंवा जेवणातली अर्धी भाकरी कमी करून खा. शिकरण नको.

चालणं सोडू नका, पण त्याची वेळ मोडा. साठीपुढच्या लोकांवरचा २०१३ चा एक छोटा अभ्यास आहे: सकाळी एकदम ४५ मिनिटं चालण्याइतकाच फायदा तीन जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालून झाला, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर जास्त चांगली उतरली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा हेच सोयीचं. दुपारी घरातल्या घरात, रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, किंवा गल्लीत. उन्हाळ्यात सगळे चालणं बंद करतात, पावसाळ्यात चिखल म्हणून, आणि थंडीत स्वेटर शोधेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. खुर्चीला ऋतू नसतो.

राहिलं चारचौघांतलं हसं. त्यावर मला एवढंच दिसतं की एकटी बाई करते तेव्हा हसतात, सहा जणी करतात तेव्हा ‘आम्हालाही घ्या’ म्हणतात. तुम्ही मास्तरीण आहात, ओळीत उभं करणं तुम्हाला नवीन नाही. भजनाच्या आधी अर्धा तास मंदिराच्या सभामंडपात खुर्च्या मांडा. पंजाबी ड्रेस घाला, साडीत पाय अडकतो. गावच्या जिममध्ये जायचं असेल तर दुपारची रिकामी वेळ मागून घ्या आणि तिथे कुणी प्रथिनांचा डबा पुढे केला तर घेऊ नका, तेवढ्या पैशात वर्षाचे उडीद येतील.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा. त्याआधी करण्यात अर्थ नाही, तो आकडाच तीन महिन्यांचा असतो. त्या वेळी काटा ५१ किंवा ५२ दाखवेल कदाचित. कंबर उतरली असेल, खुर्चीचे सेकंद घटले असतील, तर तो किलो कमावलेला आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी. तुमचं वजन खरंच जास्त असेल तर ते जरूर उतरवा, पण ताकदीच्या व्यायामाशिवाय नको. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून डोसबद्दल आधी विचारा, आणि खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवा. छातीत दुखणं, थोडं चाललं तरी धाप लागणं, आवाक्यात नसलेलं बीपी, डोळ्यांच्या पडद्याचं लेसर झालेलं असणं, हर्निया, पायाला न भरणारी जखम, यांतलं काहीही असेल तर तपासणीआधी भार उचलू नका. हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलं असेल तर पुढे वाकून वजन उचलणं टाळा. खुर्ची, भिंत आणि टाचा एवढं तुम्हालाही बहुधा चालेल, पण डॉक्टरांना एकदा दाखवून.